सिनेमा थकला की त्याचा ऑनलाइन गेम करायचा, हे खरंच जमतं का?

रात्रीचा_शो

लोकहो, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. इथे साय-फाय बघणारे आणि गेम खेळणारे दोन्ही आहेत म्हणून इथेच विचारतो.

मागच्या आठवड्यात मॅट्रिक्सचे पहिले तीनही भाग परत पाहिले, लागोपाठ तीन रात्री. तिसरा भाग २००३चा आणि तो संपला की दरवेळी माझं तेच होतं, जीव अडकून राहतो. नायक निओचं शरीर यंत्रं घेऊन गेली, पुढे त्याचं काय केलं? माणसांचा आणि यंत्रांचा तह किती दिवस टिकला? मग २०२१चा चौथा भाग लावला तर गोष्ट एकदम साठ वर्षं पुढे आणि निओला जागं करणारा मूळचा मॉर्फियस मधल्या काळात कधीतरी गेलेला. शोधाशोध केली तेव्हा कळलं की मॉर्फियसला २००५ सालीच मारून टाकलं होतं, तेही एका ऑनलाइन गेममध्ये, आणि तो गेम २००९ला बंद झाला. म्हणजे ज्या माणसासाठी मी तीन सिनेमे श्वास रोखून बसलो त्याचा शेवट अशा ठिकाणी झाला जिथे आता कुणाला जाताच येत नाही. मला हे खरंच लागलं.

यावरून माझा एका जुन्या मित्राशी वाद झाला. तो म्हणतो जुन्या साय-फाय फ्रँचायझीला ऑनलाइन गेम हाच उत्तम रस्ता आहे, कारण जग तयार असतं, जहाजं शस्त्रं भाषा सगळं तयार असतं, चाहते तयार असतात, आणि नट म्हातारे झाले तरी गेममध्ये काही अडत नाही. माझं म्हणणं असं की सिनेमात मला कुणीतरी गोष्ट सांगतं, तिला सुरुवात असते, शेवट असतो. गेममध्ये हजार लोक एकाच वेळी नायक होणार, मग त्या नायकाला अर्थ काय राहिला? आणि कंपनीने सर्व्हर बंद केला की त्या गोष्टीचं काय?

मी स्वतः गेम खेळत नाही, त्यामुळे चुकत असेन तर सांगा. ज्यांनी असे गेम खेळलेत त्यांना विचारायचंय, सिनेमाचं जग तिथे खरंच पुढे जगतं का, की नुसतं नाव विकलं जातं?

जुना_ऑपरेटर

तुम्ही म्हणताय तो गेम मी खेळलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

द मॅट्रिक्स ऑनलाइन मार्च २००५मध्ये आला. मोनोलिथने बनवला, सेगा आणि वॉर्नर ब्रदर्सने बाजारात आणला आणि त्याच वर्षी तो सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटकडे गेला. गोष्ट तिसऱ्या सिनेमाच्या पुढची. आणि हे कुणी परस्पर लिहिलेलं नव्हतं बरं का, सिनेमे बनवणाऱ्या वाचोव्स्की भावंडांनीच पुढची गोष्ट गेमच्या हाती सोपवली होती, लिहायला पॉल चॅडविक हा कॉमिक्समधला नावाजलेला माणूस होता. मॉर्फियस यंत्रांकडे निओचं शरीर मागतो, ती देत नाहीत, मग तो मॅट्रिक्समध्ये, म्हणजे यंत्रांनी माणसांना झोपवून ठेवलेल्या खोट्या जगात, कोड बॉम्ब लावत सुटतो, म्हणजे जे लोक अजून झोपेत आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम कोड उघडा पडावा म्हणून, आणि शेवटी एक मुखवटेवाला मारेकरी त्याला गोळ्या घालतो. मे २००५. गेम सुरू होऊन जेमतेम दोन महिने झालेले.

आता तुमच्या मूळ शंकेकडे येतो. तुम्ही म्हणता हजार निओ झाले तर अर्थ काय. पण त्या गेममध्ये निओ कुणीच नव्हतं. तुम्ही झायनच्या (माणसांच्या शहराच्या) बाजूचे, यंत्रांच्या बाजूचे किंवा मेरोव्हिंजियन या गुंडांच्या म्होरक्याच्या माणसांपैकी एक, एवढंच. एक साधा जागा झालेला माणूस. आणि मला विचाराल तर त्या गेममधलं सर्वात चांगलं काय होतं, तर माणसं. सिनेमातली पात्रं शहरात यायची आणि त्यांच्यामागे खरी माणसं असायची, म्हणजे टीममधला कुणीतरी ते पात्र चालवतोय, टाइप करून तुमच्याशी बोलतोय. एका रात्री आम्ही पाच-सहा जण एका गच्चीवर नुसते उभे होतो, मिशन संपलेलं, काहीबाही बोलत होतो, आणि सिनेमातली जहाजाची कॅप्टन नायोबी समोर येऊन थांबली. आम्ही सगळे गप्प. मग आमच्यातल्या एकाने लिहिलं "कॅप्टन, आम्ही काय करू?" आणि तिने उत्तर टाइप करायला वेळ घेतला, ते तीन ठिपके सुद्धा दिसत नव्हते त्या काळी, नुसती रिकामी चॅट विंडो आणि सहा माणसं स्क्रीनला डोळे लावून बसलेली. तिने काय सांगितलं ते आता आठवतही नाही मला. पण ती वाट बघणं अजून आठवतं. असं सिनेमात होऊ शकत नाही.

आता वाईट बाजू. तुमचं दुःख अगदी बरोबर आहे. ३१ जुलै २००९ला सर्व्हर बंद झाले. शेवटच्या रात्री सगळ्या खेळाडूंच्या कॅरेक्टर्सचा एकदम शेवट दाखवायचं ठरलं होतं, पण सर्व्हरच्या गडबडीत बरेच जण तो क्षण यायच्या आधीच डिस्कनेक्ट झाले. आज चाहत्यांनी केलेला एम्युलेटर, म्हणजे बंद गेमची चालती नक्कल, आहे, त्यात शहरात फिरता येतं, पण गोष्ट पूर्वीसारखी खेळता येत नाही. कुणीकुणी तेव्हा रेकॉर्ड करून ठेवलेले सीन ऑनलाइन बघायला मिळतात. मॉर्फियसचा शेवट बघायचा असेल तर तोच एक मार्ग.

सर्व्हर_रूम

ऑपरेटर यांनी छान लिहिलंय. मी बनवणाऱ्यांच्या बाजूने थोडं सांगते, कारण अशा लायसन्सवाल्या (म्हणजे सिनेमाचं जग परवानगीने वापरणाऱ्या) एका गेमवर मी काही वर्षं काम केलंय (नाव घेत नाही).

पहिली गोष्ट म्हणजे सिनेमातली जी जादू लोकांना हवी असते ती बऱ्याचदा ऑनलाइन आणताच येत नाही, आणि यात कुणाचा आळस नसतो, कारण तांत्रिक असतं. मॅट्रिक्स म्हटलं की काय आठवतं? बुलेट टाइम. एका माणसासाठी वेळ हळू होते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे सोपं आहे, सगळं जगच हळू करून टाका. पण ऑनलाइन गेममध्ये घड्याळ एकच, ते सर्व्हरवर, आणि सगळे त्याच घड्याळात जगतात. मी वेळ हळू केली तर पलीकडच्या गल्लीत भांडणाऱ्या चाळीस लोकांचं काय करायचं? म्हणून त्या गेममध्ये त्यांनी इंटरलॉक नावाची पद्धत काढली, दोघं भिडले की ती दोघंच काही सेकंदांच्या फेऱ्यांमध्ये अडकायची, दोघांनी चाल निवडायची, आतल्या आत आकडे पडायचे आणि मग सिनेमासारखी मारामारी दिसायची. उपाय म्हणून हुशारीचा होता. पण सिनेमातला वेग डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला ते थांबूथांबू खेळल्यासारखं वाटणार, त्याला इलाज नाही.

दुसरं म्हणजे मंजुरी. चित्रपटाच्या मालकांकडून प्रत्येक गोष्ट पास करून घ्यावी लागते. जहाज, गणवेश, पात्राच्या तोंडचं वाक्य, नटाचा चेहरा असेल तर त्याची वेगळी परवानगी. आमच्याकडे एका गणवेशाच्या खांद्यावरच्या पट्टीचा रंग मंजूर व्हायला दीड महिना गेला होता, आणि तोवर त्या गणवेशावर अवलंबून असलेली तीन मिशन्स अडकून पडली. ऑनलाइन गेमला तर सतत नवीन काहीतरी द्यावं लागतं, लोक महिन्याभरात सगळं खेळून मोकळे होतात. देणारे हळू आणि खाणारे वेगात, यात टीमची फार ओढाताण होते. रात्र रात्र बसून केलेलं काम कपाटात पडून राहताना बघितलंय मी, म्हणून लिहितेय.

आणि कित्येक गेम तर त्या टप्प्यापर्यंत पोचतच नाहीत. स्टारगेट वर्ल्ड्‌सवर लोकांनी काही वर्षं काम केलं, पण बनवणाऱ्या कंपनीचं दिवाळं निघालं आणि गेम कधी आलाच नाही. स्टार ट्रेक ऑनलाइनचंही तेच व्हायचं होतं, आधी ज्यांच्याकडे होता ती पर्पेच्युअल नावाची कंपनी बुडाली, २००८मध्ये क्रिप्टिकने लायसन्स घेतलं म्हणून वाचला.

स्लिदरहॉर्न

मी स्टार वॉर्स गॅलेक्सीजबद्दल लिहिणार आहे आणि ते थोडं लांबणार आहे, कारण ह्या प्रश्नाचं खरं उत्तर मला त्याच गेममध्ये सापडलं असं मला मनापासून वाटतं.

गेम जून २००३चा. काळ पहिला सिनेमा आणि दुसरा सिनेमा (म्हणजे १९७७चा आणि १९८०चा) यांच्या मधला. मुख्य डिझायनर राफ कोस्टर, आधी अल्टिमा ऑनलाइन केलेला. आणि त्याने काय केलं, तर सिनेमात जे लोक मागे उभे असतात ना, कँटिनात (म्हणजे दारूच्या गुत्त्यात) वाजवणारे, दुरुस्ती करणारे, प्राणी पाळणारे, त्यांचं जग बनवलं. तीसपेक्षा जास्त पेशे होते. मी संगीतकार होते. लढाईचा मला कंटाळा, पहिल्या दिवसापासून कँटिनात बसायचे आणि स्लिदरहॉर्न वाजवायचे, ते नवशिक्यांचं वाद्य. आणि हे नुसतं मनोरंजन नव्हतं हं, लढून लढून लोकांना थकवा चढायचा, बॅटल फटीग म्हणायचे त्याला, आणि तो फक्त कँटिनात बसून नाचणाऱ्यांना बघितलं किंवा वाजवणाऱ्यांना ऐकलं तरच उतरायचा. म्हणजे केवढाही मोठा बाउंटी हंटर (पैसे घेऊन माणसं पकडणारा) असला तरी त्याला माझ्यासमोर येऊन बसावंच लागायचं, आणि बसला की बोलायचा. कुठून आला, काय मारलं, कोण गेलं सोडून. कुणी नवीन वाजवणारा बँडमध्ये आला की त्याचे फ्लरिश (मधेच एकत्र घ्यायच्या खास चाली) चुकायचे, सगळे एकत्र फिरायचे आणि तो एक ठोका मागे राहायचा, मग आम्ही त्याला चॅटमध्ये मोजून द्यायचो, एक दोन तीन आत्ता. असे कित्येक तास गेलेत माझे. तसंच कारागिरांचं, धातूची प्रत ग्रहाग्रहावर वेगळी, आज इथे चांगला मिळतोय तो काही दिवसांनी संपणार, त्यामुळे चांगला बंदूक बनवणारा कोण हे लोकांना नावाने माहीत असायचं. त्याच्या दुकानासाठी लोक दुसऱ्या ग्रहावरून यायचे.

आणि मग जेडाय.

जेडाय, म्हणजे सिनेमातले अद्भुत शक्तीचे तलवारबाज योद्धे. ते होता यायचं पण मार्ग गुप्त होता, फारच थोड्यांना सापडावा असा. त्या काळात जेडाय जवळजवळ नाहीसे झालेत, गोष्टच तशी आहे, मग रस्त्यावर दहा जेडाय कसे दिसतील? पण लोकांना तेच हवं होतं. २००३च्या शेवटी होलोक्रॉन नावाच्या वस्तू आल्या, त्या सांगायच्या की अमुक पेशात मास्टर हो म्हणजे एक पाऊल पुढे जाशील. झालं. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या कँटिनात अशी माणसं येऊन वाजवायला लागली ज्यांना संगीताशी काही घेणं नव्हतं, मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या कमांड) लावून निघून जायची, कॅरेक्टर आपलं वाजवतंय, समोर बसलेल्याशी बोलायला मागे कुणीच नाही. गर्दी वाढली आणि जागा ओस पडली. कोस्टरने स्वतः नंतर त्या जेडायच्या गोंधळाबद्दल मोकळेपणाने लिहिलंय.

नोव्हेंबर २००५मध्ये तर एनजीई नावाचा मोठा बदल आला आणि तीसहून जास्त पेशांचे नऊ झाले, जेडाय पहिल्या दिवसापासून घ्या, नेम धरा आणि मारा. त्याच्या आधी वर्षभर वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा दुसरा ऑनलाइन गेम आला होता, तसं सोपं आणि वेगवान काहीतरी करायचा दबाव असणार. पण ज्यांनी दोन-दोन वर्षं घालवून दुकानं उभी केली होती ते एका रात्रीत निरुपयोगी झाले. पुष्कळ लोक गेले. गेम १५ डिसेंबर २०११ला बंद झाला.

म्हणून रात्रीचा_शो यांना माझं उत्तर, तुमची हजार नायकांची भीती शंभर टक्के खरी आहे. पण त्याचा अर्थ गेमच नको असा होत नाही. त्या जगात नायक सोडून बाकीच्यांना जगायला जागा ठेवा एवढंच मागणं आहे. चाहत्यांनी २००५च्या आधीचा गेम परत उभा केलाय, मी तिथे अजूनही जाते. रविवारी आम्ही चौघं वाजवतो.

पूर्णविराम

स्लिदरहॉर्न यांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. +१

पण पैशाबद्दल कुणीच बोलत नाहीये. आधी दर महिन्याला वर्गणी होती, ती लोक देईनात मग फ्री टू प्ले आलं. स्टार वॉर्सचाच पुढचा गेम द ओल्ड रिपब्लिक डिसेंबर २०११मध्ये वर्गणीवर सुरू झाला आणि वर्षाच्या आत, नोव्हेंबर २०१२मध्ये, त्याला फ्री टू प्ले करावं लागलं. फुकट म्हणजे दुकान आलं. चाहत्याला माहीत असतं की हे जहाज, ही तलवार त्याला लहानपणापासून हवीय, आणि तीच पेटीत बंद करून किल्ली विकायची, पेटीतून काय निघेल ते नशीब. २०१७मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २च्या लूटबॉक्सवरून (म्हणजे अशाच पेट्यांवरून) एवढा गदारोळ झाला की रिलीजच्या तोंडावर गेममधली खरेदी बंद ठेवावी लागली. पुढच्या वर्षी बेल्जियमने तर अशा पेट्यांना जुगारच ठरवलं. माझ्या ओळखीतला एक मुलगा अशाच एका गेममध्ये (कुठला ते सोडा) एका जहाजापायी सहा महिन्यांची बचत घालवून बसला, आणि मिळाल्यावर दोन आठवड्यांत खेळायचा बंद झाला. जुन्या आठवणींवर प्रेम असलेला माणूस सर्वात जास्त पैसे देतो हे त्यांना पक्कं माहीत आहे. याचा मला राग आहे आणि तो राहणार.

रात्रीचा_शो

एवढे मोठे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. कँटिनाचा भाग मित्राला वाचून दाखवला, तो बराच वेळ गप्प होता.

एक समजलं नाही. मॅट्रिक्सच्या वेळी पुढची खरी गोष्ट गेममध्ये ठेवली, आणि गॅलेक्सीज दोन सिनेमांच्या मधे बसवला. यातलं बरं काय? कारण माझी तक्रार मुळात तीच आहे, गेम न खेळणाऱ्याने काय करायचं?

डेक_सात

उशिरा येतोय धाग्यावर, पण हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

गोष्ट कुठे बसवायची याचे मला दिसतात ते मार्ग असे, एक तर सिनेमाच्या पुढे जायचं, नाही तर मधल्या फटीत शिरायचं, नाही तर इतकं मागे जायचं की कुणी विचारणारच नाही. द ओल्ड रिपब्लिकने तेच केलं, सिनेमांच्या साडेतीन हजार वर्षांहून जास्त आधीचा काळ, तिथे हवे तेवढे जेडाय ठेवा, कुणाची हरकत नाही. आणि हल्लीचा ड्यून अवेकनिंग (२०२५) आणखी वेगळं करतो, त्यात पॉल जन्मलाच नाही, त्याच्या आईला, जेसिकाला, मुलगी झाली असं धरून पुढचा सगळा इतिहास बदललाय. म्हणजे नायकच काढून टाकला आणि जागा मोकळी केली. मला ही युक्ती फार आवडली.

पण पुढे जाऊनही नीट जमवलेलं एक उदाहरण आहे, स्टार ट्रेक ऑनलाइन. तो नक्की बघा. आता हे नुसतं सिनेमाचं जग नाही, मालिका आधी आणि सिनेमे नंतर, पण बघा वेळ कशी आली होती. २००५मध्ये शेवटची चालू मालिका बंद पडली. २००९चा सिनेमा आला पण तो वेगळ्या काळरेषेत गेला. आणि नवीन मालिका यायला २०१७चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे बारा वर्षं जुन्या काळरेषेत पुढे काय झालं हे पडद्यावर कुणीच सांगत नव्हतं. हा गेम २ फेब्रुवारी २०१०ला सुरू झाला, काळ धरला २४०९ साल, म्हणजे नेमेसिस या स्टार ट्रेक सिनेमातल्या काळाच्या तीस वर्षं पुढे. ते जग त्या बारा वर्षांत झोपी गेलं नाही याचं बरंच श्रेय मी ह्या गेमला देतो. जुने नट येऊन स्वतःच्याच पात्रांना आवाज देऊन गेले, मायकल डॉर्न, लेव्हार बर्टन, जेरी रायन, आणखी बरेच.

हजार नायकांचं कोडं तिथे किती सहज सुटतं बघा, प्रत्येक खेळाडू कॅप्टन, प्रत्येकाचं आपलं जहाज. स्टारफ्लीटमध्ये, म्हणजे त्या जगातल्या अंतराळ दलात, हजार कॅप्टन असले तर काय बिघडलं, असतातच. काही काही जगं ऑनलाइन जायला मुळातच सोयीची असतात, निवडलेल्या एकाची गोष्ट असेल तर अवघड, नोकरीपेशातल्या माणसांची गोष्ट असेल तर सोपं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गेमवाल्यांनी एक स्पर्धा ठेवली होती, पुढच्या एंटरप्राइजचं (स्टार ट्रेकमधलं मुख्य जहाज) डिझाइन करा. एका चाहत्याचं डिझाइन जिंकलं, त्यावरून गेममध्ये ओडिसी क्लास बनला आणि एंटरप्राइज-एफ आली. आम्ही वर्षानुवर्षं ती चालवली. आणि २०२३मध्ये पिकार्ड मालिकेच्या तिसऱ्या सीझनमध्ये तीच एंटरप्राइज-एफ पडद्यावर आली. मी घरी एकटाच बघत होतो आणि उभा राहिलो. ते जहाज मला आतून माहीत होतं, त्याचं वळण किती जड आहे, सगळं वळायला किती वेळ घेतं, हे हाताला माहीत होतं. सिनेमातून गेममध्ये जाणं सगळ्यांनीच बघितलंय, गेममधून पडद्यावर परत येणं मी पहिल्यांदा बघितलं.

पूर्णविराम, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. लॉकबॉक्स तिथेही आहेत आणि मला ते अजिबात आवडत नाहीत. आणखी एक दुखणं म्हणजे फाउंड्री, तिच्यात खेळाडू स्वतः मिशन लिहून इतरांना खेळायला देऊ शकायचे, काही तर मूळ मिशन्सपेक्षा सरस होती, ती एप्रिल २०१९मध्ये बंद केली. लोकांनी लिहिलेल्या गोष्टी गेल्या त्या गेल्याच.

जुना_ऑपरेटर

फाउंड्रीचं ऐकून वाईट वाटलं. रात्रीचा_शो, तुम्ही विचारलंत बरं काय, तर माझं मत इतक्या वर्षांनी बदललंय. तेव्हा मला अभिमान वाटायचा की खरी गोष्ट आमच्या गेममध्ये घडतेय, सिनेमावाल्यांना माहीतच नाही. आता वाटतं मॉर्फियससारख्या माणसाचा शेवट तिथे ठेवायला नको होता. गच्चीवरची ती रात्र गेममध्येच असायला हवी, ती आमची होती, गेली तरी चालेल. पण मॉर्फियस सगळ्यांचा होता.

सर्व्हर_रूम

ऑपरेटर यांच्याशी सहमत. तांत्रिक बाजूने एवढीच भर, बंद पडणं हे जवळपास ठरलेलंच असतं. सर्व्हरचा महिन्याचा खर्च खेळाडू कमी झाले म्हणून त्या प्रमाणात कमी होत नाही, सपोर्टला माणसं लागतातच, आणि लायसन्सची मुदत संपली की खेळाडू असूनही गेम ठेवता येत नाही. खाजगी सर्व्हर चालवायची सोय शेवटच्या पॅचमध्ये देऊन जा असं आम्ही सुचवलं होतं, पण लायसन्समध्ये ते बसत नाही असं उत्तर आलं. ही अट करारात सुरुवातीलाच घालून घ्यायला हवी, नंतर कुणी ऐकत नाही.

रात्रीचा_शो

ठीक, मग मी स्टार ट्रेक ऑनलाइन टाकून बघतो. आयुष्यात पहिला ऑनलाइन गेम. काय घेऊ काय नको सांगा.

डेक_सात

अरे वा! फेडरेशनची (म्हणजे पृथ्वीवाल्यांच्या बाजूची) २४०९वाली सुरुवात घ्या, सगळ्यात समजायला सोपी. टॅक्टिकल, इंजिनिअरिंग, सायन्स यातलं काहीही घ्या, पुढे फारसं अडत नाही. पहिला महिनाभर एक पैसाही खर्च करू नका, पेट्या मिळतील त्या तशाच पडू द्या. मिशन्स क्रमाने खेळा, घाई करू नका, त्या गोष्टी म्हणूनच लिहिल्यात. फ्लीटचं (खेळाडूंच्या गटाचं) आमंत्रण आलं तर आधी चार दिवस त्यांच्या चॅटमध्ये लोक कसे बोलतात ते बघा.

आणि थोडं हातात बसलं की व्हल्कनवर, स्पॉकच्या ग्रहावर, जाऊन या. स्पॉकचं काम करणारे लेनर्ड निमॉय फेब्रुवारी २०१५मध्ये गेले. त्यांचा आवाज या गेममध्ये होता, बढती मिळाली की ऐकू यायचा. ते गेल्याचं कळलं त्या रात्री खेळाडू कुणी न सांगता व्हल्कनवर जमले. मी पोचलो तेव्हा उभं राहायला जागा नव्हती, गर्दीमुळे गेम अडकत होता, आणि कुणी काही बोलत नव्हतं, नुसते व्हल्कन सलामीसाठी हात वर. नंतर तिथे स्मारक केलं, ते अजून आहे.

रात्रीचा_शो

अपडेट देतो. इंजिनिअर घेतला. ट्युटोरियलमध्येच कॅप्टन गेला आणि जहाज माझ्या हातात आलं, घाबरून दोनदा चुकीचं बटण दाबलं. पृथ्वीच्या स्पेसडॉकवर पोचल्यावर तर तासभर नुसता हरवलो होतो, लिफ्ट सापडेना. चॅटमध्ये विचारलं तर एक अनोळखी ॲडमिरल आपलं काम सोडून आला, माझ्यापुढे चालत राहिला, मी मागे पडलो की थांबायचा. व्हल्कनपर्यंत सोडलं त्याने. स्मारकापाशी आम्ही दोघंच होतो. त्याने हात वर केला, मला ते कसं करायचं माहीत नव्हतं, त्याने चॅटमध्ये कमांड टाइप करून दिली.

मित्राला बोलावलंय, शनिवारी तोही येतोय. डेक_सात, तुमचं फ्लीट कुठलं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.